सांबाराचा वाफा आणि महिन्याचे शंभर रुपये

दसरा झाला की सांदवाडीत (परसात) सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, 3 फूट रुंद, 6 फूट लांब वाफा करा. आपली काळी माती पाणी धरते आणि मुळं सडतात, म्हणून 2 घमेली कुजलेलं शेणखत आणि 1 घमेलं रेती मिसळून वाफा वीतभर उंच घ्या. शेणखत ताजं नको. त्यानं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

धने अख्खे पेरू नका. पाट्यावर हलक्या हातानं रगडा, दाण्याचे दोन फाके झाले पाहिजेत. भुगा झाला तर बी वाया गेलं. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. कोंब 8 ते 12 दिवसांनी येतो. बरेच जण आठवड्यातच वाफा उकरतात, तसं करू नका! वरची माती कडक होऊ न देता झारीनं पाणी द्या. 40 दिवसांनी कापणी. दर 15 दिवसांनी नवा वाफा पेरला तर सांबार तुटत नाही.

सांबार विकत न घेतल्यानं बाजारात वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात टाका, नाहीतर ते चहापाण्यात जातात. पोस्टाची आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून, 5 वर्षांची असते. खातं 15 तारखेच्या आत उघडलं, तर पुढचा हप्ताही दर महिन्याच्या 15 पर्यंत भरावा लागतो. मजुरीचा चुकारा महिनाअखेर मिळत असेल तर खातं 16 नंतरच उघडा.