अपुऱ्या झोपेचा हिशेब कसा ठेवावा

‘मला ६ तास झोप पुरते’ असे ठामपणे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतली बहुतेक खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच तसे वाटत असते. अडचण नेमकी तिथेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका प्रयोगात निरोगी प्रौढांच्या एका गटाला रोज ८, दुसऱ्याला ६ आणि तिसऱ्याला ४ तास अंथरुणावर घालवू दिले गेले आणि हा क्रम सलग १४ दिवस चालला. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायचे, एवढी साधी चाचणी त्यांना दिवसातून अनेकदा दिली जात असे. ६ तासांच्या गटाचे लक्ष दिवसागणिक अधिकाधिक वेळा सुटत गेले, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था एक अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसासारखी झाली. ‘किती झोप येते आहे’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. कामगिरी खालावत होती आणि आपण या वेळापत्रकाला सरावलो आहोत, अशी त्यांची समजूत होत होती.

म्हणून झोप पुरेशी होते की नाही हे ठरवताना स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये, हे या मार्गदर्शनाचे मुख्य सूत्र आहे. अंदाज करणारा मेंदू तोच असतो, ज्याची झोप झालेली नसते.

शरीर काय गमावते

प्रौढ माणसाने नियमितपणे किमान ७ तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०१५ साली एकत्रितपणे केली. कमी झोपेवर खरोखर निभावणारे लोक असतात, पण ते इतके विरळा असतात की आपण त्यांच्यापैकी आहोत असे गृहीत धरण्यात शहाणपण नाही.

झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढवते. दुसरीकडे शरीराचे आतले घड्याळ, प्रकाशाच्या आधाराने, दिवस आणि रात्र यांची सांगड घालते. झोप लागल्यावर साधारण ९० मिनिटांची आवर्तने सुरू होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो आणि स्वप्नांची, म्हणजे रेम झोप पहाटेकडे दाटते. त्यामुळे गजर २ तास अलीकडे ओढला की सगळ्याच प्रकारची झोप सारख्या प्रमाणात कमी होत नाही. कात्री मुख्यतः रेम झोपेला लागते. ‘फक्त पाव हिस्सा कमी झोपलो’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

याचे परिणाम केवळ डोळे चुरचुरण्यापुरते राहत नाहीत. रात्री रक्तदाब एरवी १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि हृदयाला तेवढी उसंत मिळते. झोप तुटली की ती उसंतही आखडते. शिकागो विद्यापीठातील १९९९ च्या एका अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री ४ तासच झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची रक्तातील साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटली. २०१५ च्या आणखी एका प्रयोगात १६४ स्वयंसेवकांची झोप आठवडाभर मोजून नंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला. ७ तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत ६ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. चिडचिडेपणाबद्दल वेगळे सांगायला नको. तो घरच्यांना आपल्याआधी कळतो.

काम कुठे बिघडते

झोप अपुरी झालेला माणूस सबंध दिवस मंद दिसत नाही, आणि म्हणूनच त्याच्या चुका उशिरा ध्यानात येतात. तो बराच वेळ नेहमीसारखा काम करतो. मधूनच एखादा क्षण निसटतो, त्यात एखादा आकडा गळतो, एखादी सूचना ऐकूनही नोंदली जात नाही. हातात बसलेले, रोजचे काम त्यातल्या त्यात टिकून राहते. ढासळते ते दोन टोकांचे काम : एकीकडे पहारा, देखरेख, लांबचा प्रवास यांसारखे कंटाळवाणे सलग लक्ष मागणारे, आणि दुसरीकडे नवी माहिती हाती आल्यावर ठरलेला बेत बदलण्याचे. थकलेला माणूस जुन्याच मार्गाला चिकटून राहतो, आणि त्याला तो आपला ठामपणा वाटतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि डोळे यांचा मेळ तितकाच बिघडतो, जितका रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना बिघडतो. २४ तासांच्या जागरणानंतर तो सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो. ०.०५ टक्के ही अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. सकाळी ६ वाजता उठलेला माणूस रात्री ११ वाजता घरी परतण्यासाठी गाडीत बसतो, तेव्हा १७ तास पुरे झालेले असतात. त्याच्या हाती पेला नसतो, एवढाच काय तो फरक. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ४ सेकंद डोळा लागला, तर गाडी जवळजवळ ९० मीटर अंतर चालकाविना कापते.

१९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज मध्यरात्रीनंतर खडकावर आदळले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने दिलेल्या कारणांत सुकाणूची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा अतिरिक्त भार यांचा उल्लेख आहे. बोस्टनमधील एका रुग्णालयातील २००४ चा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो, कारण तो अपघाताचा नसून रोजच्या कामाचा आहे : अतिदक्षता विभागातील इंटर्न डॉक्टरांनी लांबलचक पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात, आखूड पाळ्यांच्या मानाने, ३६ टक्के अधिक गंभीर चुका केल्या. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. तेच डॉक्टर झोप मिळाली तेव्हा कमी चुकले.

दोन आठवड्यांची नोंद

आता प्रत्यक्ष कृती. एक वही घ्यावी आणि १४ दिवस, रोज सकाळी उठल्यावर, आदल्या रात्रीची नोंद करावी : अंथरुणावर किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती, शेवटची जाग केव्हा आली, ती गजराने आली की आपोआप, आणि अंथरुणातून केव्हा उठलो. खाली एका ओळीत दिवसातील डुलक्या, शेवटची चहा-कॉफी केव्हा घेतली, आणि पेंग कोणत्या वेळी आली हे लिहावे. रात्री घड्याळ पाहू नये. वेळा अंदाजे असल्या तरी चालतात. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवण्याच्या नादात झोप उडते. मनगटी घड्याळे एकूण झोपेचा ढोबळ अंदाज बरा देतात, पण त्यांनी दाखवलेल्या गाढ झोपेच्या आणि रेम झोपेच्या मिनिटांवर फार भरवसा ठेवू नये.

दोन आठवड्यांनी दोन सरासऱ्या काढाव्यात : अंथरुणावर घालवलेला वेळ आणि प्रत्यक्ष झोपेचा वेळ. या दोहोंचे प्रमाण हाच सगळ्या निदानाचा धागा आहे. एखादा माणूस रात्री ११.३० ला पडतो, १२ ला झोपतो आणि गजराने ६ वाजता उठतो. तो साडेसहा तासांपैकी ६ तास, म्हणजे ९२ टक्के वेळ झोपतो. त्याची झोप उत्तम आहे, तिला जागाच कमी मिळते. दुसरा माणूस १० वाजता पडतो, साडेसहाला उठतो आणि या साडेआठ तासांत जेमतेम साडेपाच तास झोपतो. हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास येते. त्याच्याकडे वेळ भरपूर आहे, झोप येत नाही. पहिल्याला झोपेची तूट आहे, दुसऱ्याला निद्रानाश; आणि दोघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बहुतेक सल्ले हा फरक न करताच दिले जातात, आणि म्हणून निम्म्या लोकांना लागू पडत नाहीत. ढोबळ मानाने ८५ टक्क्यांच्या वरचे प्रमाण चांगले समजले जाते.

तूट असेल तर

सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून करू नये, उठण्याच्या वेळेपासून करावी. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसते, उठणे असते. उठण्याची एक वेळ ठरवून ती सुटीच्या दिवशीही तासाभराच्या आत पाळावी आणि उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात जावे, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या प्रकाशावर लावले जाते. मग झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे आणावी. एकदम दीड तास लवकर पडणारा माणूस बहुधा छताकडे पाहत राहतो आणि चौथ्या दिवशी प्रयत्न सोडून देतो.

कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते. झोपेचा दाब ते नाहीसा करत नाही, त्याची जाणीव तेवढी लांबवते. त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाहून अधिक कमी झाली. त्यामुळे शेवटचा कप दुपारीच आटोपावा. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. त्याला उपाय मानू नये. खोली अंधारी, शांत आणि किंचित थंड असावी, एवढे पुरे.

सुटीत साठवून झोपल्याने थकबाकी फिटते, ही समजूत अर्धीच खरी आहे. आठवडाभर कमी झोपवलेल्या लोकांना पुढे सलग ३ रात्री ८ तास दिले, तरी त्यांची चाचणीतील कामगिरी पूर्ववत झाली नाही, असे २००३ च्याच आणखी एका अभ्यासात दिसले. झोप भरून निघते, पण तिला आठवडे द्यावे लागतात.

झोप येत नसेल तर

इथे लवकर अंथरुणावर पडणे हीच चूक ठरते. पेंग आल्याशिवाय पडू नये. साधारण २० मिनिटे डोळा लागला नाही असे वाटले तर उठून मंद उजेडात एखादे शांत काम करावे आणि पेंग आल्यावरच परतावे. अंथरुणावर काम, फोन आणि उद्याची चिंता यांना जागा देऊ नये. दिवसा झोपू नये. पहिले काही दिवस हे त्रासाचे वाटते, पण अंथरूण आणि जागरण यांची मनात बसलेली जोडी अशीच सुटते. या पद्धतीसह चालणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, हा दीर्घकालीन निद्रानाशावरील पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सुचवला. गोळ्यांचा विचार त्यानंतर. या उपचारातला अंथरुणावरचा वेळ मुद्दाम कमी करण्याचा भाग मात्र अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी आणि वाहनचालकांनी तज्ज्ञाविना करू नये.

जागरण टळणारच नसेल तर

आजारी मूल, रात्रपाळी, अंतिम मुदत. कारण काहीही असो, अशा दिवसाचे काम वेगळे मांडावे. रकमांची देवघेव, सह्या, कुणाला दुखावू शकेल असे पत्र, या गोष्टी शक्य तर दुसऱ्या दिवसावर ढकलाव्यात. ढकलता येत नसतील तर काम लेखी यादीने करावे आणि दुसऱ्या, झोप झालेल्या माणसाकडून तपासून घ्यावे. दुपारी ३ च्या आत २० मिनिटांची डुलकी घ्यावी. तासभर झोपल्यास गाढ झोपेतून उठताना डोके जड होते आणि सावरायला वेळ लागतो. रात्रपाळीच्या लोकांनी पाळीपूर्वी झोप काढावी, पहाटे २ ते ६ या सर्वांत कठीण पट्ट्यात नाजूक कामे ठेवू नयेत, आणि परतताना गाडी स्वतः न चालवता आल्यास उत्तम. गाडीत झापड येऊ लागली, तर खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांचा उपयोग जवळपास नाही. सुरक्षित जागी थांबून झोपणे हाच इलाज आहे.

डॉक्टरांकडे केव्हा

पुरेसा वेळ झोपूनही दिवसा पेंग येत असेल, मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबतो असे शेजारी झोपणाऱ्याने पाहिले असेल, किंवा सकाळी डोके दुखत असेल, तर झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. त्यावर उपचार आहेत आणि इच्छाशक्तीने तो बरा होत नाही. आठवड्यातून ३ किंवा अधिक रात्री, ३ महिने झोप येत नसेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजला जातो. पाय सतत हलवावेसे वाटणे आणि त्याने झोप न लागणे हेही सांगण्यासारखे लक्षण आहे. जाताना ती १४ दिवसांची वही बरोबर न्यावी, आणि घोरण्याबद्दल आपण स्वतः सांगण्याऐवजी ज्याने ते ऐकले आहे त्यालाही सोबत घेऊन जावे.