कोरियन निर्वासितांवर किशोर-कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कोरियन मालिका पाहून आपली मुलं त्या देशाकडे ओढली गेली आहेत. त्यातल्या काहींना तिथल्या युद्धातल्या निर्वासित मुलांबद्दल लिहावंसं वाटतं, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत मात्र त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधून झालेली दोन पलायनं एक करून टाकणं. एका हस्तलिखितात युद्ध सुरू झाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मुलगी धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन गोठलेली हान नदी ओलांडते. प्रसंग जीव ओतून लिहिला होता. पण उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं ते २५ जून १९५० ला. तेव्हा तिथे पावसाळा तोंडावर असतो, बर्फ कुठला? २८ जूनला पहाटे दक्षिणेच्याच सैन्याने हानवरचा पूल उडवला, तोही वर माणसं असताना. शहरातले बहुतेक लोक मागेच अडकले आणि सप्टेंबरअखेरपर्यंत उत्तरेच्या अमलाखाली राहिले. गोठलेल्या नदीवरून लोक गेले ते पुढच्या हिवाळ्यात, चिनी फौजा उत्तरेच्या बाजूने युद्धात उतरल्यावर. ४ जानेवारी १९५१ ला सोल दुसऱ्यांदा पडलं, पण या वेळी लोक आधीच निघाले होते, कारण ते तीन महिने त्यांनी भोगले होते.

लेखकाचं म्हणणं, ‘भावना खरी आहे ना, मग तारखेचं एवढं काय?’ अहो, भावना तारखेवरच उभी आहे! जूनमधल्या मुलीला कशाला भ्यायचं हेच ठाऊक नाही. जानेवारीतलीला सगळं ठाऊक आहे. दोघींना एक केलं की दोघीही हातच्या जातात.

मी प्रत्येक प्रकरणासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहून घेते: महिना, नदी, शेत आणि स्वयंपाकघर. डिसेंबरात घर सोडणारी बाई नुकतीच घातलेली, अंगणात पुरून ठेवलेली किमचीची (आंबवलेल्या भाजीची) मडकी मागे टाकून जाते. जूनमध्ये तीच मडकी रिकामी होत आलेली असतात. दोन व्हिडिओ पाहून लिहायला बसणाऱ्यांना हे सापडत नाही, आणि थांबून शोधायची त्यांची तयारीही नसते.

वय जपून लिहा: तेव्हाच्या रीतीने मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकाने वाढे. आईला वडिलांचं आडनाव देऊ नका, तिथे लग्नानंतर बायका माहेरचंच ठेवतात. धोका फक्त उत्तरेकडून होता असंही दाखवू नका; जुलै १९५० मध्ये नोगुन-री इथे निर्वासितांवर गोळ्या झाडल्या त्या अमेरिकी सैनिकांनी.

दुसरी मला छळणारी चूक: दक्षिणेतल्या बुसान बंदराला पोचलं की गोष्ट संपवणं. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हंगनाम बंदरातून ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ हे जहाज सुमारे १४,००० निर्वासित घेऊन निघालं. मुळात ते मालवाहू, प्रवाशांची सोय जेमतेम बाराजणांची. वाटेत पाच बाळं जन्मली. आणि बुसानने त्यांना उतरवून घेतलंच नाही, शहरात जागा नव्हती. २५ डिसेंबरला ते गोजे बेटाला लागलं. ज्यांना बुसान मिळालं त्यांनी तिथल्या आमी-दोंग भागात जुन्या जपानी दफनभूमीवर, थडग्यांचे दगड पायाला लावून झोपड्या बांधल्या. चुकामूक झालीच तर बुसानच्या योंगदो पुलावर भेटू, असं ठरवून निघालेली माणसं तिथे येऊन वाट पाहत. कोरियाच्या केबीएस वाहिनीने १९८३ मध्ये ताटातूट झालेल्यांसाठी कार्यक्रम केला, तेव्हा दहा हजारांवर कुटुंबांची गाठ पडली. तुमची नायिका तोवर चाळिशी ओलांडून गेलेली असेल. किशोर-कादंबरीत तिथवर जायची गरज नाही, पण झोपडीतला पहिला हिवाळा तरी लिहा.

शेवटचं, भारतीय पात्राचं. जनरल थोरात मराठी म्हणून त्यांच्या तुकडीतला जवान १९५० च्या प्रसंगात घुसवू नका. ती भारतीय तुकडी १९५३ च्या युद्धबंदीनंतर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला गेली होती. भारतीय माणूस हवाच असेल तर लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं ६० वं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक घ्या. ते १९५० च्या अखेरीस पोचलं आणि त्याचा एक भाग दक्षिणेतल्या देगू शहरात नागरिकांवरही उपचार करत होता. तापाने फणफणलेल्या भावाला घेऊन तुमची नायिका तिथे नक्की जाऊ शकते.