मोबाइल बॅटरीच्या ऑर्डरची कुजबुज कशी पडताळावी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. शेअरच्या बाबतीत मात्र ‘अमक्या कंपनीला मोबाइल बॅटरीची मोठी ऑर्डर मिळतेय’ एवढं कानावर पडलं की आपली माणसं सकाळी सव्वानऊला खरेदी करून मोकळी होतात. मेहनतीचा पैसा असा घालवू नका.

आधी बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणा उघडा. ऑर्डर कुणाची, देशातली की परदेशी, किती रकमेची, किती मुदतीची, हे तिथं सापडायला हवं. काहीच नसेल तर ती बातमी नव्हे. अफवेवर खुलासा करण्याचं बाजारनियामक सेबीचं बंधन बाजारमूल्यानुसार पहिल्या 250 कंपन्यांनाच आहे, म्हणून छोट्या कंपनीचं मौन होकार समजू नका. ‘बोलणी सुरू’ किंवा इरादापत्र (पक्क्या कराराआधीचं नुसतं इच्छेचं पत्र) यावरही अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये.

रक्कम दिली असेल तर तिला मुदतीनं भागा. 300 कोटी तीन वर्षांत म्हणजे वर्षाला 100 कोटी. गेल्या वर्षीची विक्री 1000 कोटी असेल तर भर दहा टक्क्यांची, तीही विक्रीत. नफ्यात किती, ते वेगळंच.

खरी मेख पुढं आहे. कंपनी सेल बनवते की नुसता पॅक? सेल म्हणजे प्रत्यक्ष वीज साठवणारा भाग. त्यात जपानच्या टीडीकेची एटीएल ही मोठी कंपनी. पॅकवाले बहुतेकदा बाहेरून सेल आणतात, संरक्षक सर्किट जोडतात, वेष्टन चढवून तपासून देतात. कच्च्या मालावरचा खर्च विक्रीच्या किती टक्के, ते वार्षिक अहवालात पाहा. तो ऐंशी-नव्वदच्या घरात असेल तर मोठ्या ऑर्डरमधूनही हाती फार उरत नाही.

मोबाइल कंपन्या सहसा एकाच पुरवठादारावर विसंबत नाहीत. 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 पेटू लागला, तेव्हा सॅमसंगनं दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घालून फोन बदलून दिले. तेही पेटले आणि मॉडेलच बंद झालं. मॉडेल गेलं की त्याची ऑर्डरही गेली. म्हणून विक्रीत दहा टक्के किंवा जास्त वाटा असलेले ग्राहक किती, याची अहवालातली नोंद जरूर वाचा.

शेअरला रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसातल्या भाववाढीची कमाल मर्यादा, लागत असेल तर थांबा. उलटं फिरल्यावर लोअर सर्किटला, म्हणजे घसरणीच्या मर्यादेला, विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. सगळं पटलंच, तर मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर नको, भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाका.