डिफेन्स करताना या चुका टाळा: पाच स्टील्स आणि मोकळा सुटलेला माणूस

रविवारी सकाळी, पोह्यांच्या आधी, इंदूरला आमच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांची बास्केटबॉलची मॅच असते. मध्यंतरी एक पंधरा वर्षांचा मुलगा घाम पुसत धावत आला. "काका, पाच स्टील्स!" म्हणजे पाच वेळा त्याने समोरच्याकडून बॉल हिसकावला होता. मी स्कोअरशीट त्याच्यापुढे धरली. त्याने ज्याला पकडलं होतं, त्या मुलाचे २२ पॉइंट झाले होते. "मागून कुणी हेल्पला आलंच नाही," हे त्याचं उत्तर. येणार कोण? हा दर वेळी बॉलवर झडप घालायचा, हुकला की मागच्या चौघांना पाच जण सांभाळावे लागायचे.

स्टील म्हणजेच डिफेन्स, हा गैरसमज आधी काढून टाका. अ‍ॅलन आयव्हरसन २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षं एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मॅचमागे सर्वाधिक स्टील्स करणारा खेळाडू होता, पण लीगच्या ऑल-डिफेन्सिव्ह संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या यादीत, त्याचं नाव एकदाही आलं नाही. उलट सॅन अँटोनिओ संघाच्या ब्रूस बोवेनची कारकिर्दीतली सरासरी मॅचमागे एक स्टीलसुद्धा भरत नाही, तरी तो त्या संघांत आठ वेळा होता. ही निवड त्या काळी लीगचे कोच मतदान करून करायचे. समोरच्याचा श्वास कोण कोंडतो हे त्यांना आकड्यांशिवायही दिसत होतं. बोस्टनच्या बिल रसेलचं तर विचारूच नका. १३ हंगामांत ११ विजेतेपदं, पण एनबीएने ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये आणि तो निवृत्त झाला १९६९ मध्ये. अधिकृत नोंदीत त्याचा एकही ब्लॉक नाही!

हात सारखा बॉलकडे जात असेल तर खरी गडबड पायांत असते. पाय मागे पडले की हात पुढे जातो. त्या मुलाच्या दोन्ही मुठींत मी एकेक लिंबू दिलं आणि वन-ऑन-वन खेळायला लावलं. लिंबू खाली पडता कामा नये. पहिली दहा मिनिटं त्याची चिडचिड झाली, मग आपोआप पाय हलायला लागले, कारण दुसरा इलाजच नव्हता. (त्यातलं एक लिंबू नंतर पोह्यांवर पिळलं गेलं, ते असो.)

पायांचं बघताना हे तपासा. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, वजन टाचांवर नाही तर पंजांवर. पोरं कंबरेतून वाकतात आणि त्यालाच खाली बसणं समजतात. डोकं पुढे झुकलं की तोल गेलाच. उजवीकडे सरकायचं तर डाव्या पायाने जमीन ढकला. उजवा पाय लांब टाकून डावा ओढत आणू नका. आणि "पाय कधीच क्रॉस करू नका" हा जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तो अर्धाच खरा आहे. माणूस एक पाऊल पुढे निघून गेला असेल तर सरकत बसण्यात अर्थ नाही. वळा, सरळ धावा, त्याच्या पुढे जा आणि मग पुन्हा बसा.

नजर कुठे? बॉलवर नाही, चेहऱ्यावर तर मुळीच नाही. डोळे फसवतात, खांदे फसवतात, मान फसवते. पोट आणि कंबर जिकडे जाईल तिकडेच माणूस जातो.

पुढची चूक मोबाईलमुळे आली आहे. नव्वदच्या दशकातल्या क्लिप्स बघून पोरं ड्रिबल करणाऱ्याच्या कंबरेला हात लावून त्याला ढकलत नेतात. एनबीएने २००४-०५ पासून ही हॅन्ड-चेकिंग कडकपणे पकडायला सुरुवात केली. शिवाय तिथे सहा फाउलवर खेळाडू बाहेर जातो, आपल्याकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी पाचवर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीन फाउल घेऊन बेंचवर बसलेला डिफेंडर कुणाच्या कामाचा?

आता शूटरकडे धावत जाणं, म्हणजे क्लोजआउट. इथे लोक सगळ्यात जास्त मार खातात. पूर्ण वेगाने धावायचं, समोरच्याने नुसता पंप फेक, म्हणजे शॉट घेतल्याचा बहाणा, केला की उडी मारायची आणि त्याच्या बाजूने हवेत निघून जायचं. पाठोपाठ तो रिंगपर्यंत जाऊन आरामात लेअप, म्हणजे अगदी जवळून सोपा शॉट, घेतो. दोन तृतीयांश अंतर धावून कापा, नंतर लहान लहान पावलं टाकत ब्रेक लावा, ढुंगण खाली, एक हात वर. तुमचे पाय त्याच्यानंतरच जमीन सोडतील. शेन बॅटियर कोबी ब्रायंटसमोर बॉलला हात लावायलाही जायचा नाही, तळवा थेट त्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. कोबीला पूर्ण थांबवता येणार नाही हे तो धरूनच चालायचा. त्याला अवघड जागेवरून, अवघड शॉट घ्यायला लावायचा, एवढंच त्याचं काम.

रिंगजवळ हात खाली आणू नका. सरळ वर उडा, हात कानांजवळ. धडक त्याने दिली तर फाउल त्याचा.

समोरच्या संघातला एक जण तुमच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, तो स्क्रीन. स्क्रीनवर आपटून थांबणं हा निम्मा आवाजाचा प्रश्न आहे. मागून स्क्रीन येतो तो पुढच्याला दिसत नाही. मागच्या उंच मुलाने ओरडायला हवं. आमच्याकडे "भिया, लेफ्ट!" एवढं पुरतं, पण ते वेळेवर हवं. माणूस शूटर असेल तर स्क्रीनच्या वरून, म्हणजे तो आणि स्क्रीन यांच्यामधून, त्याला चिकटून जा, नसेल तर खालून, म्हणजे स्क्रीनच्या पाठीमागून, निघा. वरून जाताना सगळी छाती पुढे करू नका. राजवाड्याच्या गर्दीत आपण अंग तिरकं करून निघतो ना, तसा आधी एक पाय आणि खांदा घाला, बाकीचं शरीर मागून येतं.

बॉल दुसऱ्या बाजूला असताना पोरं तमाशा बघतात, तेवढ्यात त्यांचा माणूस पाठीमागून कापून जातो. बॉल आणि आपला माणूस, दोन्ही मान न वळवता दिसतील असं उभं राहा. शॉट सुटल्यावर वर बघत बसू नका. आधी आपला माणूस पाठीने अडवा, बॉल नंतर.

लिंबूवाल्या मुलाची गेल्या रविवारची मॅच मी नीट बघितली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी बॉल आणायला दुसराच मुलगा पाठवला, कारण पहिल्याला अर्धं कोर्टसुद्धा धड ओलांडता येईना. आमच्या पठ्ठ्याच्या ते लक्षातच आलं नाही. मॅच संपल्यावर तोंड पाडून बसला होता. "काका, आज एकही स्टील नाही."