कोल्हापुरी बंधारा : बरगे घालताना आणि काढताना

कोल्हापुरी बंधाऱ्यात खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे लोखंडी किंवा लाकडी फळ्या, एकावर एक बसवून पाणी अडवतात. बंधारा गळतो तो बहुतेक वेळा बरग्यामुळे नाही, खांबांच्या खाचेत आणि तळाशी साचलेल्या घाणीमुळे. म्हणून बरगे उचलण्याआधी प्रत्येक गाळ्याच्या खाचा पहारीने खरवडून घ्या आणि तळाच्या उंबऱ्यावरचे गोटे, गाळ, अडकलेल्या फांद्या काढा. सुपारीएवढा खडा राहिला तरी खालचा बरगा तिरका बसतो, मग वरचा एकही नीट बसत नाही.

घाई नको. परतीचा पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पण नदीला वाहतं पाणी आहे तोवरच घाला. दोन मीटर रुंद गाळा, अडीच मीटर पाणी आणि अर्धा मीटर उंचीचा बरगा धरला तर एका रांगेला गाळ्यामागे पाच बरगे लागतात. बरग्याच्या कडेचं रबर फाटलेलं, कडक झालेलं असेल तर काठावरच बदला. जुन्या लाकडी बरग्यांना दोन रांगा आणि मध्ये चिकणमाती लागते. माती थराथराने धुमसून भरायची, नुसती ओतली तर आठवड्यात वाहून जाते.

तरीही झिरपलं तर वरच्या, म्हणजे पाण्याच्या अंगाने राख, लाकडाचा भुसा आणि माती कालवून फटीजवळ सोडा. पाणीच ते आत ओढतं. खालून चिंध्या कोंबून काही होत नाही. भरल्या पाण्यात फटीजवळ माणूस उतरवायचा नाही, हातपाय ओढला जातो.

बरगे मे संपायच्या आत काढा. वर धरलेल्या मापाच्या गाळ्यात तळच्या बरग्यावर सव्वादोन टनांच्या आसपास रेटा असतो, त्यामुळे पूर आल्यावर साखळी-कप्पीनेही तो हलत नाही. मग पाणी बगलेने वाट काढतं आणि काठाची मळीची जमीन खचते. काढताना मधल्या गाळ्यांपासून सुरुवात करा, सगळीकडचा वरचा थर आधी. एकच गाळा तळापर्यंत मोकळा केला तर सगळा लोंढा तिथून पडून खालची फरशी उखडतो.

उन्हाळ्यात नदी आटली की खांबांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, पाहा. सुटलेला माल दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडा, धुवा, एकास तीन सिमेंट-वाळूने भरा आणि आठवडाभर पाणी मारा. फरशीखाली पोकळी वाटली, पहार ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर वरून गिलावा करून झाकू नका. आधी पोकळी काँक्रीटने भरा.

काढलेल्या बरग्यांवर गाळ्याचा क्रमांक रंगवा, कारण खाचा सारख्या नसतात. गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, ओंडक्यांवर रचा आणि मोजून कुलपात ठेवा. लोखंडी बरगे नदीकाठी उघड्यावर पडले की भंगारात जातात.