पेढे नंतर, आधी बोर्ड सांगा

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझं एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी फॉर्म ऑनलाइन भरून देण्याचं, कियोस्क आहे. बारावीचा निकाल लागला की काउंटरवर पेढे येतात, मागोमाग आई-बाबा. "भाऊ, स्कॉलरशिपचा फॉर्म भरा." मी विचारतो, कुठली?

राज्याची मेधावी विद्यार्थी योजना, २०१७ पासूनची, म्हणजे उंबरठा. एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५, मध्य प्रदेशचा मूळ निवासी दाखला, उत्पन्न मर्यादेत. ओलांडला की आत, कितीही जण असोत. इंजिनिअरिंगला जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत हवी. सरकारी कॉलेजची फी राज्याच्या बजेटमधून. खासगीत दीड लाख किंवा खरी फी, कमी असेल ती. मेस आणि कॉशन मनी (अनामत) आपल्याच खिशातून.

केंद्राची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती म्हणजे पंगत, पाट मोजलेले. वर्षाला देशभरात नवे ८२,०००. राज्यातल्या १८ ते २५ वयाच्या लोकसंख्येप्रमाणे बोर्डांना वाटा, मग सायन्स-कॉमर्स-आर्ट्स ३:२:१, निम्मे मुलींना. इथे टक्के नाही, पर्सेंटाइल चालतो: आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्के मुलांत नंबर हवा. "८२ टक्के आहेत की!" म्हणत भांडणारे काका दरवर्षी येतात. अहो, बाकीच्यांना ९० पडले असतील तर ८२ चं काय करू? घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीला वर्षाचे १२,००० थेट मुलाच्या खात्यात.

दोन्ही एकदम घेता येत नाहीत. इंजिनिअरिंग असेल तर मी डोळे मिटून मेधावी सांगतो. सरकारी कॉलेजात बी.कॉम. करणाऱ्याची फी मुळात थोडी, त्याने केंद्राचे रोख घ्यावेत. पुस्तकं, सिटी बस, कधी छप्पन दुकानचे पोहेही त्यातूनच निघतात.

आता बँक. पासबुकावर आधार नंबर आहे एवढ्याने भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग (बँकेकडून खातं आधारशी जोडून घेणं) लागतं, आणि पैसे जातात आधार शेवटी जोडलेल्या खात्यात. माझ्या पुतणीचे शाळेतल्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे निघाले आणि परत फिरले. घरात कियोस्क असून! म्हणून आता आधी सीडिंग तपासतो, मग फॉर्म उघडतो.

केंद्राचा फॉर्म दरवर्षी रिन्यू होतो: ५० टक्के मार्क, ७५ टक्के हजेरी. आणि सबमिट केल्यावर प्रिंट घेऊन कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तिथे शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासणाऱ्याला, भेटा. त्यांनी व्हेरिफाय केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.