गोधडी शिवताय? या चुका टाळा

दिवाळी सरून पुण्यात पहाटेचा गारठा सुरू झाला की माळ्यावरची आजीची लुगडी खाली येतात आणि 'संक्रांतीपर्यंत गोधडी झालीच पाहिजे' असा हट्ट सुरू होतो. हाताने शिवलेली चार थरांची गोधडी रोज तासभर बसलं तरी काही महिने घेते. घाई इथेच नडते, आणि तीही बहुधा पहिला टाका पडायच्या आधीच.

सर्वांत महागात पडते ती नवं कापड न धुता लावण्याची चूक. कोथरूडच्या एका घरात आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी झाली. खालचा थर म्हणून रविवार पेठेतून आणलेला कोरा मांजरपाट तसाच लावला. टाके सुरेख होते. पहिल्याच धुण्यात मांजरपाट ९० इंचांत जवळजवळ ३ इंच आटला. जुनी लुगडी आधीच आटलेली, ती कशाला आणखी आटतील? वरचा भाग पन्हाळी पत्र्यासारखा उभा राहिला. टाके उसवायला घेतले तर सुईच्या भोकांच्या रेषेत जीर्ण सूत फाटत गेलं, आणि त्या कापडाला बदली नव्हती.

म्हणून कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, खळ निघेपर्यंत चोळायचं, उन्हात वाळवायचं आणि हेच पुन्हा एकदा करायचं. एकदा पुरतं असं दुकानदार सांगतात. माझं मत दोनदाच. लाल, जांभळ्या साडीवर ओला पांढरा फडका दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ती साडी गोधडीत नको.

मापाचा हिशोब आधी करा. ४५ इंच पन्ह्याच्या नऊवारीतून ६० इंचांचे पाच तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की ६० बाय ९० चा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, वर एक तुकडा ठिगळांसाठी. कापण्यापूर्वी लुगडं खिडकीसमोर धरा. बसण्याच्या जागी जिथे उजेड जाळीसारखा दिसतो, तो भाग आतल्या थरात जाऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे थर आधी कच्च्या टाक्यांनी टाचून घेणं टाळणं. चार टाचण्या लावून कडेने धावदोरा सुरू केला की प्रत्येक फेरीला थोडं कापड आत ढकललं जातं, आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तो दाबून शिवला की कायमची चुणी. थर फरशीवर पसरा, पाण्याचा हलका शिपका मारा, हाताने मधून कडेकडे सारखे करा आणि वाळू द्या. मग मधूनच सुरुवात करून उभे-आडवे सहा-सहा इंचांवर कच्चे टाके घाला. यात एक अख्खी दुपार जाते, जाऊ द्या. त्यानंतर कडेकडून आत शिवत आलात तरी कापड हलत नाही.

टाके दाट तितकी ऊब जास्त, हाही गैरसमज. ऊब थरांत अडकलेल्या हवेची असते. ओळींत इंचभर अंतर ठेवा. कापड फारच विरलेलं असेल तर अर्धा इंच. पुण्याच्या थंडीला चार थर पुरतात. सहा थरांची गोधडी लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरते.

दोरा सुतीच वापरा, नायलॉनचा दोरा जुनं सूत कापतो. पॉलिएस्टरची साडी मध्ये घालू नका. ती सरकते आणि घाम टिपत नाही. खुणा बॉलपेनने नकोत, साबणाच्या चिपटीने करा. काम थांबलं की सुई काढून ठेवा, गंजाचा डाग जात नाही.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रं बघून कुणाला आजीच्या पैठणीचीच गोधडी करावीशी वाटते. कृपा करून करू नका. जुनं रेशीम घडीवर तडकतं आणि जरीचे धागे धुण्यात खराब होतात. ती पैठणी धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कारण पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी येते. दर वर्षी दिवाळीनंतर सावलीत वारा द्या आणि घडी जुन्या रेषेवर न घालता दोन बोटं सरकवून घाला. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.